सुमन केशव शेलार यांच्या स्मरणार्थ

विश्रांतवाडी, पुणे
१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

चि. अनिरुद्ध यास,

आईचा जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळ्या ठीक आहोत. नंदाचा गुडघा तसाच आहे, तरी दवाखान्यातली ड्यूटी चुकवत नाही. माझी साखर वाढली होती ती उतरली, म्हणजे डॉक्टर म्हणतात उतरली, मला तर बिनसाखरेचा चहा मिळतो एवढंच कळतं. तुझी तब्येत कशी आहे? पोट थोडं सुटलं असेल, खुर्चीवरच्या कामात सुटतं. चालत जा.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणतोस, आणि ते नंतर काही उजाडत नाही. कागदाला असं म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं आहे, तिसरीतून उठवलेल्या बाईचं असायचं तसं. जोडाक्षर अडलं की चैतालीला विचारते, पण काय लिहितेय ते तिला वाचू देत नाही. पाकीट तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय, घरचा माझ्याकडे नाही. वर "खाजगी" लिहायला सांगितलंय. मागे माझं नाव घातलेलं नाही, तेव्हा शिपायासमोर फोडलंस तरी चालेल.

आता आनंदाची बातमी. आपली चैताली पहिली आली. नंदाची चैताली, तुझी भाची. वजन उचलायच्या स्पर्धेत, मुलींमध्ये, तिच्या गटात पहिली. माझे पाय अजून जमिनीवर नाहीत. गल्लीत पेढे वाटले, स्वतः दोन खाल्ले, डॉक्टरांना सांगू नकोस.

तू नव्हतास, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तू चैतालीला शेवटचं पाहिलंस ते बाबा गेल्यावर पुण्यानुमोदन केलं त्या दिवशी. शाळेच्या गणवेशात होती, काडीसारखी. त्यानंतर तिला काय झालं कोण जाणे, कॉलेजातून येता येता जिममध्ये जायला लागली. आधी म्हणाली पाठ दुखते म्हणून. पाठ राहिली बाजूला, पोरगी लोखंड उचलायला लागली. तळहाताला घट्टे पडले. आपल्या घरात घट्टे नवीन नाहीत, पण तुझ्या बाबांनंतर कुणाला पडले नव्हते. मी रोज रात्री खोबरेल लावून देते. समोरच्या पायलची आई मला म्हणाली, "आजी, पोरीचे खांदे बघा, नवरा कसा मिळायचा?" म्हटलं, "उचलून आणेल." तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. बरंच झालं, वाटीभर साखर मागायला यायची.

तर पुण्यातली बक्षिसं झाली, आणि मग सोनवडहून बोलावणं आलं. सोनवड शक्ती महोत्सव. नंदाला सुट्टी नव्हती. चैताली म्हणाली, "आजी, तू चल, कुणीतरी ओरडायला पाहिजे माझ्यासाठी." ओरडायला म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?

स्वारगेटहून गाडी होती. पंच्याहत्तरी झाली म्हणून मला एसटीत तिकीट नाही. कंडक्टर म्हणाला, आधार दाखवा. म्हटलं, तोंड बघून कळत नाही का? तो म्हणाला, तोंडाचा झेरॉक्स चालत नाही आजी. पुण्याचाच असणार. खिडकीत बसले, चैतालीने पोटात काही घातलं नव्हतं, कारण तिथे पोचल्यावर आधी खेळाडूंचंच वजन करतात, त्यावरून गट ठरतो. पोरगी उपाशी आणि मी शेंगदाण्याची पुडी लपवून खातेय, असा प्रवास.

आणि काय सांगू, सोनवड कसं नटलं होतं. गाव म्हणवत नाही, शहरही धड नाही, पण हौस पुण्याला विकत देईल एवढी. दारोदार रांगोळ्या, त्यात वजनाचे गोळे लावलेली दांडी काढलेली. शाळेची पोरं लेझीम घेऊन स्टँडवर उभी. बँडवाल्यांना वरातीशिवाय दुसरं येत नव्हतं, तेच वाजवत आम्हाला मिरवत नेलं, मला तर नवरीसारखं वाटलं. हॉटेलं नाहीत तर गावाने खेळाडू घरोघर वाटून घेतले. कुणाला कोण मिळालं यावरून बायकांची भांडणं झाली म्हणे.

स्टँडच्या दाराशी मोठा फ्लेक्स होता. एका बाजूला दंड फुगवलेला बाप्या, दुसऱ्या बाजूला गॉगलवाली मंडळी, मधोमध हात जोडलेले साहेब. खालचं नाव मी एकेक अक्षर लावून वाचलं. श्री. अनिरुद्ध के. शेलार, मुख्याधिकारी, सोनवड नगरपरिषद.

तू म्हणशील, आई, मग तो मीच होतो की, मी नव्हतो असं काय लिहितेस. थांब. मला माझ्या पद्धतीने सांगू दे. त्या माणसाला मी या पत्रात साहेबच म्हणणार आहे.

चैतालीने दंड धरला, "आजी, मामा." माझा ऊर असा भरून आला की बँडचा आवाजही येईना. तू तर विदर्भात बदली झाली म्हणाला होतास, एवढ्या लांबून येणं होत नाही म्हणून. आणि हा स्वारगेटहून तीन तासांवर. पण खरं सांगते, तेव्हा राग नाही आला. म्हटलं, नुकतीच बदली झाली असेल, सांगायला वेळ झाला नसेल. रिक्षावाल्याला सांगावंसं वाटलं, तो फ्लेक्सवरचा माझा आहे. नाही सांगितलं. चैतालीलाही गप्प केलं. म्हटलं, फोन करू नको, उद्या समोर उभं राहू, बघू कसा चेहरा करतो.

आम्ही आनंदीबाईंच्या वाट्याला आलो. त्यांचे यजमान हिंदुराव, महोत्सवाचे मुख्य कार्यकर्ते, माइक त्यांच्याच हातात. आनंदीबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, बोलायला मात्र माझ्या बरोबरीच्या. दारातच मी जय भीम म्हटलं, त्यांनी रामराम म्हटलं. आत गेल्यावर हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. म्हटलं, "आमच्यात नाही लावत, आम्ही बौद्ध." त्यांचा हात जरा थांबला. मग करंडा फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बरं, मग गजरा तरी घ्या." मी पांढरी साडी नेसलेली, आपल्याकडे मोठ्या दिवशी नेसतो तशी, तिच्यावर गजरा शोभलाही. पुढे स्वतःच म्हणाल्या, "माझ्या सासूच्या येळंला तुमाला सोप्यातच बसवलं आसतं, खोटं कशाला बोलू. आता सासू बी न्हाय आन सोपा बी न्हाय. बसा सैपाकाच्या ओट्यापाशी." मला बाई आवडली. गोड बोलणारी पुष्कळ बघितली, ही खरं बोलत होती.

चैतालीचं वजन करून झालं होतं, ती आता सुटली होती. भाकरीवर भाकरी. आनंदीबाई वाढतायत आणि बोलतायत.

"ह्ये समदं आमच्या साहेबांमुळं बरं का. लई गुणाचा माणूस हाय."

माझ्या तोंडात आलंच होतं, तो माझा मुलगा म्हणून. घास गिळायचा राहिला होता तेवढाच उशीर.

"पर बिचाऱ्याला मागं कुणी न्हाय. आई ल्हानपणीच वारली. वडील केशवराव, शाळामास्तर हुते, त्ये बी गेले. आईची लई आठवण काढत्यात. शाळंत आईच्या नावानं थंड पाण्याची टाकी दिलीया. त्या दिशी भाषण करताना डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. आमी समद्या रडलो."

चैतालीने माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, "भाजी घे अजून."

तो घास मी गिळला. कसा ते विचारू नकोस.

नंतर खोलीत चैताली म्हणाली, "आजी, आपण परत जाऊ. मला नाही उचलायचं इथे काही." मी म्हटलं, "तू उचलायला आलीयस, उचलून जायचं. बाकीचं माझ्याकडे दे." बोलायला काय जातं. तिच्यापेक्षा मलाच परत जावंसं वाटत होतं. पण पोरीने सहा महिने यासाठी घाम गाळला होता, तिचा दिवस तुझ्यामुळे का वाया घालवायचा? सकाळी ती मनगटाला पट्ट्या गुंडाळत बसली होती. तिचं मन दुसरीकडे जावं म्हणून विचारलं, "हे तुम्ही डेडलिफ्ट म्हणता ते डेड म्हणजे काय गं?" म्हणाली, "मेलेलं. वजन जमिनीवर मेल्यासारखं पडलेलं असतं ना, ते स्वतःहून काही मदत करत नाही. सगळं आपणच उचलायचं." एवढं बोलून तिने पट्टी घट्ट आवळली. मग दोघी निघालो.

स्पर्धा शाळेच्या मैदानावर होती. मांडव घातलेला, पण ऊन आत येत होतं. घसा कोरडा पडला म्हणून पाणी शोधायला गेले. व्हरांड्यात स्टीलची टाकी, तीन नळ, वर पाटी. पोरं भराभर पिऊन जात होती, मी पाटी वाचत उभी. एक मुलगी म्हणाली, "आजी, लाईनीत या ना." म्हटलं, "वाचते जरा." लावून लावून वाचलं.

कै. सौ. सुमन केशव शेलार यांच्या स्मरणार्थ, सुपुत्र अनिरुद्ध.

नाव छान निवडलंस. सुमन. धोंडाबाईपेक्षा किती हलकं आहे. जन्मभर मला असं नाव कुणी दिलं नाही, मेल्यावर मिळालं. आणि सौ. सुद्धा लावलंस, म्हणजे मी तुझ्या बाबांच्या आधी गेले तर. तेवढं मात्र झालं असतं तर मला चाललं असतं.

पाणी प्याले. थंड होतं, चांगलं होतं. तिथे गावातली सगळी पोरं त्याच तीन नळांना तोंड लावत होती, कुणी कुणाला विचारत नव्हतं. माझ्या आज्याने पाण्यासाठी काय काय ऐकून घेतलं ते मी तुला लहानपणी सांगितलंय. तर मेल्यावर का होईना, माझ्या नावाने सगळ्यांना पाणी मिळतंय, हे वाईट नाही. फक्त माझं नाव ते नाही.

परत येऊन बसले. स्पर्धा सुरू झाली. तुला सांगते, अशी माणसं मी बघितली नाहीत. दांडी उचलली तरी टाळ्या, पडली तरी टाळ्या. चकत्या लावायला माणूस आला तर त्यालाही टाळ्या, तो बिचारा लाजून गेला. माझ्या शेजारच्या बायकांना काही कळत नव्हतं आणि मलाही नाही, तरी आम्ही एकमेकींना समजावून सांगत होतो. समोर तीन पंच बसतात. पांढरा दिवा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक. शेजारीण म्हणाली, "लाल लागला, जिंकली वाटतं." म्हटलं, "नाही हो, पांढरं ते शुभ." ती माझ्या साडीकडे बघायला लागली.

मुलींचा पहिला फेरा झाला, चैतालीने उचललं, तीन पांढरे. दुसऱ्यातही. मग मध्ये थांबवून सत्कार घेतले. आणि हिंदुरावांनी माइकवर काय सांगावं? "आपल्यात एक पाव्हणी हाय, पुण्याहून नातीसंगं आलीया, पंच्याहत्तर वर्सांची. ह्या आजीचा सत्कार आपल्या साहेबांच्या हस्ते." आनंदीबाईंनीच सुचवलेलं. त्यांना वाटलं मला आनंद होईल. मला ढकलत ढकलत पायऱ्यांपर्यंत आणलं.

इथून पुढे मला साहेब म्हणणं जमायचं नाही. हात दुखतोय आणि तेही दुखतंय.

तू शाल घेऊन उभा होतास. मी वर आले. तुझी नजर माझ्यावर पडली आणि शाल हातात तशीच राहिली. चेहरा कसा करतोस ते मला बघायचं होतं ना, बघितला. वाट बघत होते. एक शब्द, अनिरुद्ध. हळू म्हटला असतास तरी चाललं असतं, माइक लांब होता. तू शाल पांघरलीस, नारळ दिलास, वाकून पाया पडलास आणि म्हणालास, "आजी, आशीर्वाद असू द्या."

आजी.

सगळ्यांना किती बरं वाटलं. एवढा मोठा माणूस आणि म्हाताऱ्या बाईच्या पाया पडतो. फोटो काढले. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तो आपसूक गेला, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. केस विरळ झालेत मागे. बाबांचेही तिथूनच गेले होते.

मग हिंदुरावांनी माइक माझ्या तोंडाशी धरला. "आजी, दोन शब्द." आणि तू घाबरलास. मला दिसलं. ओठावर जीभ फिरवलीस, चौथीत खोटं बोलताना फिरवायचास तशी. तेवढ्यात मला काय काय बोलता आलं असतं. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. चैताली खाली पट्टा बांधून उभी होती, तिचे डोळे मला म्हणत होते, बोल, आजी.

काय बोलले ते तुला ऐकू आलंय, तरी लिहिते. म्हणजे कागदावर राहील.

"माझं नाव धोंडाबाई. माझ्या मालकांचं नाव कचरू. कचरू शेलार. मार्केटयार्डात हमाल होते. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढायचे आणि वर गेल्यावर विडी मागायचे. ही पोरगी त्यांची नात आहे, तिची पाठ त्यांची आहे. एवढंच."

मागे काही पोरं कचरू ऐकून हसली. हिंदुराव त्यांच्यावर ओरडले, "हसताय काय रं? याक क्विंटल उचलून दावा, मग हसा." मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. तुझ्या बाबांना जिवंतपणी कुणी टाळी वाजवली नव्हती. तूही वाजवत होतास. मी बघितलं, सगळ्यांच्या आधी थांबलास.

आणि हिंदुरावांना गंमत सुचली. "आता बघा, आजी बी शेलार, आन साहेब बी शेलार. साहेब, भावकी निघाली की तुमची."

माइक तुझ्याकडे गेला. तू हसलास आणि म्हणालास, "शेलार काय, गावोगाव आहेत."

लोक हसले. मग मला म्हणालास, "आजी, बसा आता, ऊन आहे."

बसले.

आता हे सांगते ते तुला माहीत आहे, पण कधी नीट ऐकलं होतंस का ते माहीत नाही. तुझ्या बाबांच्या आधी तीन मुलं गेली होती. ते जन्मले तेव्हा त्यांच्या आईने त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीने उचलून परत आणून दिलं, म्हणजे हा आमचा नाही, कचऱ्यात सापडला, याला कोण कशाला नेईल. म्हणून कचरू. तिला ते पोर इतकं हवं होतं की चांगलं नाव द्यायची हिंमत झाली नाही. माझंही तसंच, म्हणून धोंडा. दगड आणि कचरा, चांगला जोडा जमला म्हणून आम्ही दोघं हसायचो. पण तुझ्या वेळी बाबा म्हणाले, आता भ्यायचं नाही. पेढीवरच्या दिवाणजींना विचारून आले आणि तुझं नाव अनिरुद्ध ठेवलं. बोलताना जीभ अडखळायची त्यांची, अनिरुध म्हणायचे. तरी मोठ्याने हाक मारायचे, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी.

तू भ्यालास ते का, हेही मला कळतं. मी एवढी अडाणी नाही. कॉलेजात असताना शनिवार पेठेत खोली बघायला गेला होतास. बाई चहा देत होत्या, अनिरुद्ध शेलार म्हटल्यावर छान छान म्हणाल्या. मग पूर्ण नाव विचारलं. तू कचरू सांगितलंस आणि त्यांना आठवलं की खोली कालच दिली. घरी येऊन तू जेवला नाहीस. त्यानंतर तुझ्या वहीवर बाबांच्या नावाची जागा आखडली, नुसता के राहिला. आम्ही दोघांनी तो बघितला. बाबा मला म्हणाले, "राहू दे, पोराला पुढे जायचंय, एका अक्षरात मावतो की मी." ते खरंच मावले. तू त्यांना त्यातूनही काढलंस आणि तिथे एक मास्तर बसवलास.

भीती समजते. के समजतो. केशव नाही समजत. आणि ज्या गावाला तू एवढा घाबरतोस, त्या गावाने तुझ्या बाबांसाठी टाळ्या वाजवल्या आणि मला ओट्यापाशी जेवायला घातलं. सगळी गावं अशी नसतात, हे मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. पण तू विचारून तरी बघायचंस.

तर मुख्य राहिलं. तू नव्हतास म्हणाले ते यासाठी. माझा सत्कार झाला, मी खाली येऊन बसले, आणि वळून बघते तर तुझी खुर्ची रिकामी. तातडीचं काम निघालं म्हणे. चैतालीची शेवटची पाळी तू पाहिलीच नाहीस, आणि तीच पाहण्यासारखी होती.

दांडीला दीडशे किलो लावलं होतं. तेवढं तिने आयुष्यात कधी उचललं नव्हतं. पांढरी भुकटी हाताला चोळली, मग थोडी गालाला लागली. तुझ्या खुर्चीकडे एकदा बघितलं. वाकली, दांडी धरली आणि काही होईना. दांडी वाकत होती, चकत्या जमिनीला चिकटलेल्या. मी ओरडायला आले होते, माझ्या तोंडून आवाज निघेना. आणि मग ते वजन जरासं सुटलं. गुडघ्यापर्यंत आलं. तिथे अडलं. पाय थरथरत होते, मान लाल झाली होती, आणि तिची पाठ, अनिरुद्ध, ती पाठ मी चाळीस वर्षं बघितलीय. जिन्याच्या अर्ध्यावर बाबा तसेच थांबायचे, पोतं खाली टाकायचे नाहीत. ती सरळ उभी राहिली. पंचाने हात खाली करेपर्यंत धरून ठेवलं. तीन पांढरे दिवे. आनंदीबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या, त्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय. होतेही. अर्ध्याहून जास्त आनंदच होता, तो मी तुला देणार नाही, माझ्याकडेच ठेवणार आहे.

मेडल तुझ्या हातून मिळायचं होतं, ते हिंदुरावांनी घातलं. एका अर्थी बरं झालं. चैताली मला म्हणाली, "मामाने घातलं असतं तर मी तिथेच काढून दिलं असतं."

घरी आलो तर नंदा तोंड लहान करून बसलेली. तुझा फोन आला होता. मला नाही, नंदाला. म्हणालास, आईला म्हणावं समजून घे, इथे माझी पोझिशन आहे, आणि पुन्हा सोनवडला येऊ नका. नंदाने ते माझ्यापासून लपवायला बघितलं, तिला लपवता येत नाही. ते तुलाच येतं. तनुजाने तर मला पाहिलंय, तुमच्या लग्नानंतर दोनदा जेवून गेलीय. माझी टाकी बसवताना ती शेजारी उभी होती का, हे मी तिला विचारणार नाही. तू विचार.

हे पत्र मी रागावून लिहिलेलं नाही, म्हणजे सुरुवात तरी रागाने केली नव्हती. लिहायचं कारण वेगळंच आहे.

आनंदीबाईंचा काल फोन आला. त्यांचा माझ्यावर फार जीव बसलाय. त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न आहे पुण्यात, त्यासाठी येतायत, आणि येत्या रविवारी माझ्याकडे जेवायला येणार आहेत, हिंदुरावांना घेऊन. मी या म्हटलं. त्यांच्या घरी चार घास खाऊन आलेय, नाही कशी म्हणू? बोंबलाची चटणी करणार आहे, खातात का विचारलं, म्हणाल्या, "ताटात पडंल त्ये खाऊ."

आमच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरीखाली एक फोटो आहे. तुझा निकाल लागला त्या दिवशीचा. तुझ्या गळ्यात हार, शेजारी बाबा, त्यांचा हात तुझ्या खांद्यावर. चैताली काल म्हणाली, "आजी, रविवारपुरता हा काढून ठेवू का? नाहीतर त्या ओळखतील." रागाने नाही, माझ्यासाठीच म्हणाली.

मी स्टूल घेऊन वर चढलेही. नंदा ओरडत होती पडशील म्हणून. हात लावला आणि खाली उतरले. तो एकच फोटो आहे, अनिरुद्ध. तुला काढायचं तर बाबांना काढावं लागतं. तुला ते जमलं. मला नाही जमलं.

तेव्हा फोटो तिथेच राहील. आनंदीबाई विचारतील, हे कोण, मी सांगेन माझे मालक. विचारतील, हा कोण. त्या बाईने मला खोटं सांगितलं नाही, मीही सांगणार नाही.

रविवारच्या आत तू स्वतः त्यांना सांगितलंस तर बोलणं तुझं असेल. नाही सांगितलंस तर माझं असेल. बाराला ताटं वाढीन. तुझंही एक वाढून ठेवते. बसायचं असेल तर कचरूचा मुलगा म्हणून बस. साहेबांना आमच्याकडे बसायला जागा नाही.

धोंडाबाई कचरू शेलार,
हयात.